अण्णा म्हणतात कॅप्सूल गिळतो, पण नळी नको

"नमस्कार सिस्टर, मी कराडहून लिहितेय. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, ६१ वर्षांचे आहेत, एसटीत ड्रायव्हर होते. गेले काही महिने जिना चढताना धाप लागते म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२ आणि फेरिटिन ७ निघालं. शुगर आहे, हार्टला स्टेंट बसवून पाच वर्षं झाली, त्याची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून खातात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वरून एक, खालून एक अशा दोन्ही दुर्बिणी करायला सांगितल्या. अण्णा ठाम नाही म्हणतात. त्यांच्या एका मित्राला वीसेक वर्षांपूर्वी चौघांनी धरून नळी घातली होती म्हणे. यूट्यूबवर त्यांनी कॅप्सूलवाली एंडोस्कोपी बघितलीय, ती करतो म्हणतात. भाऊ म्हणतो पुण्याला जाऊन एआयवाली करू, पैसे जास्त गेले तरी चालतील. आईला वेगळीच भीती, कारण आत्याला दुर्बिणीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊन ॲडमिट राहावं लागलं होतं. आणि अण्णांना मूळव्याध आहेच, रक्त तिथूनच जात असणार असं सगळे म्हणतात. खरंच दोन्ही दुर्बिणी लागतील का हो? – अण्णांची लेक"

अगं लेकी, सगळ्यात आधी मूळव्याधीचं बोलू, कारण तुझ्या पत्रातल्या बाकी सगळ्या भीतींपेक्षा मला त्या एका वाक्याची भीती जास्त वाटली. मी डॉक्टर नाही, एंडोस्कोपी रूममध्ये सिस्टर म्हणून नोकरी केली आणि रिटायर झाले, त्यामुळे अण्णांना काय झालंय ते मी सांगणार नाही. पण "मूळव्याध आहे ना, मग रक्त तिथूनच" हे मी बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय, काहींचं खरंही निघायचं, पण काहींच्या मोठ्या आतड्यात वरच्या बाजूला गाठ निघायची आणि मूळव्याधीच्या नावाखाली वर्ष दीड वर्ष निघून गेलेलं असायचं. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, शौचाच्या वेळी दिसतं, भांड्यात पडतं. हिमोग्लोबिन ८.२ वर येईल इतकं तिथून गेलं असतं तर अण्णांना ते दिसलं असतं, आणि तू पत्रात रक्त दिसल्याचं एका शब्दानेही लिहिलेलं नाहीस. उलट पोटातून, आतड्यातून दिवसाला चार-पाच मिली असं झिरपत असेल तर शौचात काहीच दिसत नाही, रंगसुद्धा बदलत नाही, आणि महिनोन् महिने चाललं की शरीरातला लोहाचा साठा रिकामा होतो. फेरिटिन ७ म्हणजे तेच, साठा संपलाय. बाईमाणसाचं पाळीतून रक्त जातं म्हणून तिथे डॉक्टर थोडा वेगळा विचार करतात, पण साठीच्या पुरुषाचं लोह असं संपत असेल तर ते कुठून तरी गळतंय किंवा आतड्यात शोषलंच जात नाहीये, या दोनपैकी एक काहीतरी शोधावंच लागतं. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन आकडा वर आणला तर घरात सगळे खूश होतात आणि मूळ कारण तसंच आत राहतं.

दोन्ही बाजू का, तर वरच्या दुर्बिणीने अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात दिसते, खालच्याने पूर्ण मोठं आतडं आणि जमलं तर लहान आतड्याचं शेवटचं टोक. अण्णांच्या बाबतीत दोन्हीकडे संशयाला जागा आहे. पेनकिलर आणि रक्त पातळ करायची गोळी ही जोडी जठरात अल्सर करण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, असा अल्सर बऱ्याचदा दुखतच नाही. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक जे काय मेडिकलवाला देतो त्याचं पाकीट डॉक्टरांना दाखव आणि ते आजच बंद करायचं का, त्याऐवजी पॅरासिटामॉल चालेल का ते विचारून घे, एंडोस्कोपीची तारीख मिळेपर्यंत थांबू नको. आणि वर अल्सर सापडला म्हणून खालची रद्द असं लगेच समजायचं नाही, या वयात दोन कारणं एकाच माणसात असू शकतात, म्हणून डॉक्टर एकाच बैठकीत दोन्ही करून टाका म्हणतात, आधी वरची, मग टेबल फिरवून खालची, भूल एकदाच.

आता कॅप्सूल. अण्णांनी व्हिडिओ बघितलाय तो खोटा नाही, यंत्र खरंच भारी आहे. इस्राएलच्या गॅव्रिएल इद्दान नावाच्या इंजिनिअरने ती कल्पना काढली, हा माणूस आधी क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करायचा, २००० साली त्याची माहिती छापून आली आणि २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड, आत कॅमेरा, दिवे, बॅटरी, सगळं. पाण्याबरोबर गिळायची, कमरेला रेकॉर्डरचा पट्टा बांधायचा, मग आठ ते बारा तास ती आतड्याच्या हालचालीने पुढे सरकत फोटो काढत राहते, पन्नास हजारांच्या वर फोटो होतात, आणि शेवटी शौचावाटे निघून जाते. दुखत नाही, भूल नाही, नळी नाही. अण्णांना आवडणारच.

पण ती बनवलीय कशासाठी ते यूट्यूबवाला सांगत नाही. ती मुख्यतः लहान आतड्यासाठी आहे, त्या मधल्या पाच-सहा मीटरसाठी जिथे वरची दुर्बीणही पोचत नाही आणि खालचीही नाही. जठर मोठी पिशवी आहे, तिथे ही साधी कॅप्सूल गडगडत जाते, तिला इकडे वळ तिकडे बघ असं सांगता येत नाही, त्यामुळे नेमका अल्सर असेल त्या बाजूला तिची पाठ असू शकते. मोठ्या आतड्यात पोचेपर्यंत बऱ्याचदा बॅटरी संपत आलेली असते आणि समोर मळ असतो. मोठ्या आतड्यासाठी वेगळी, दोन्ही टोकांना कॅमेरे असलेली कॅप्सूल निघालीय, पण तिला जुलाबाचं औषध नेहमीच्या दुर्बिणीइतकंच नाही, त्याहून जास्तच घ्यावं लागतं, आणि तीत काही दिसलं की परत नळी आहेच. कारण कॅप्सूल फक्त बघते. धुऊ शकत नाही, तुकडा काढू शकत नाही, वाहणारं रक्त थांबवू शकत नाही. म्हणजे अण्णांनी आधी कॅप्सूल केली तर पैसे जातील, दिवस जातील आणि बहुतेक करून शेवटी टेबलावर यावं लागेलच.

आणि तिची एक रिस्क आहे जी आपल्याकडे जरा जास्त लक्षात ठेवायला हवी. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर कॅप्सूल तिथे अडकून बसते. आतड्याचा टीबी आपल्या देशात आहे, क्रोन्स नावाचा आतड्याला सूज आणणारा आजार आहे, आणि वर्षानुवर्षं पेनकिलर खाणाऱ्यांच्या लहान आतड्यात पातळ पडद्यासारखे अडथळे तयार होतात ते वेगळंच, म्हणजे अण्णा त्या यादीतही बसतात. म्हणून शंका असेल तर आधी सीटी करतात किंवा विरघळणारी डमी कॅप्सूल गिळायला देऊन बघतात. खरी कॅप्सूल बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नसतो. हे सगळं सांगून झाल्यावर हेही सांगते की दोन्ही दुर्बिणी स्वच्छ निघाल्या आणि लोह तरीही उतरतच राहिलं तर पुढची पायरी हीच कॅप्सूल आहे, तेव्हा डॉक्टर स्वतःच ती सुचवतील. आणि तीत लहान आतड्यात मध्येच कुठे रक्त झिरपताना दिसलं तर तिथपर्यंत पोचायलाही आता लांब दुर्बीण आहे, फुगे फुगवत आतडं गोळा करत आत जाते, जपानच्या हिरोनोरी यामामोटोंनी २००१ च्या सुमारास ती आणली. म्हणजे क्रम असा आहे, अण्णांना तो क्रम समजावून सांग, "नाही" म्हणण्यापेक्षा "आत्ता नाही" म्हटलं की माणूस ऐकतो.

मित्राला चौघांनी धरलं ही गोष्ट मला अजिबात खोटी वाटत नाही. तेव्हा बऱ्याच ठिकाणी घशात स्प्रे मारला की झालं, पेशंट पूर्ण जागा, उमासे काढतोय, आणि आम्ही "श्वास घ्या काका, झालं झालं" करत हात धरून उभ्या. आज काय होतं ते सांगते. हाताला सुई लावतात, घशात लिग्नोकेनचा कडू स्प्रे, दातांमध्ये प्लास्टिकचं माउथपीस, डाव्या कुशीवर झोपवतात, नाकाला ऑक्सिजन, बोटाला क्लिप, आणि मग शिरेतून झोपेचं औषध. मिडाझोलम देतात तेव्हा माणूस गुंगीत असतो, हाक मारली तर ओ देतो आणि नंतर त्याला फारसं आठवत नाही. प्रोपोफॉल दिलं तर गाढ झोप, पण त्यासाठी भूलतज्ज्ञ शेजारी हवा. अण्णांचा स्टेंट आणि शुगर बघता भूलतज्ज्ञ असणार आहे का हे आधी फोन करून विचारच, आणि ईसीजी, जुना इकोचा रिपोर्ट बरोबर ठेव. वरची दुर्बीण करंगळीएवढ्या जाडीची असते, नऊ-दहा मिलिमीटर, श्वासनलिकेत जात नाही, अन्ननलिकेत जाते, त्यामुळे जीव गुदमरणार ही भीती काढून टाकायला सांग. पाच-दहा मिनिटांत वरचं होतं. खालच्याला अर्धा तास धर, पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या छोट्या गाठी, काढायचे निघाले तर जास्त. आणखी एक बदल झालाय ज्याबद्दल कोणी बोलत नाही, आतडं फुगवायला पूर्वी साधी हवा वापरायचे आणि पेशंट संध्याकाळपर्यंत पोट धरून बसायचा, आता चांगल्या ठिकाणी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो आतड्यातून पटकन शोषला जातो आणि श्वासावाटे निघून जातो, पोट दुखणं खूप कमी होतं. हे एआयपेक्षा पेशंटला जास्त जाणवतं, पण जाहिरात कशाची होते ते बघ.

आत्याचं तू एका ओळीत लिहिलंस, पण स्वादुपिंडाला सूज म्हणजे ते जवळजवळ नक्की ईआरसीपी असणार, पित्तनलिकेतला खडा काढायला करतात ते. त्यात दुर्बीण तोंडातूनच जाते पण काम वेगळं आहे, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जिथे आतड्यात उघडतो त्या बारक्या तोंडात तार घालावी लागते, आणि त्यामुळे शंभरातल्या तीन ते दहा जणांना सूज येऊ शकते. म्हणूनच हल्ली नुसतं बघण्यासाठी ईआरसीपी करत नाहीत, आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून खडा आहे याची खात्री करतात, आणि सूज टाळायला गुदद्वारातून डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथासिनची गोळी ठेवतात. अण्णांच्या दोन्ही तपासण्यांमध्ये त्या तोंडाला कोणी हात लावत नाही. आईला एवढं सांग. अण्णांची रिस्क वेगळी आहे आणि ती लपवत नाही, मोठ्या आतड्याला भोक पडणं, नुसत्या तपासणीत ते हजारात एकापेक्षाही कमी वेळा होतं, मोठा पॉलिप काढला तर जास्त, आणि पॉलिप काढल्यावर रक्तस्राव, जो कधी कधी आठवडा दोन आठवड्यांनीही होऊ शकतो. सही करायच्या आधी कागद वाच.

भावाच्या एआयबद्दल. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीत पॉलिप ओळखणारं पहिलं एआय २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, स्क्रीनवर पॉलिप वाटेल तिथे हिरवी चौकट येते. अनेक चाचण्यांमध्ये त्याने बारीक पॉलिप जास्त सापडले हे खरं आहे. पण कंडक्टरने बेल मारली तरी गाडी ड्रायव्हरच चालवतो, हे अण्णांना वेगळं सांगायला नको. एआयला स्क्रीनवर आलं तेवढंच दिसतं, आतड्याच्या घडीमागे कॅमेरा गेलाच नाही किंवा वर मळ बसलाय तर ते काय चौकट काढणार. पोलंडमधला २०२५ चा एक अभ्यास तर असा आहे की एआयची सवय लागलेल्या डॉक्टरांचं, एआय बंद असताना, ॲडिनोमा, म्हणजे पुढे बिघडू शकणारे पॉलिप, सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं. एकाच अभ्यासावरून फार मोठं अनुमान काढू नये, पण डॉक्टरचा डोळा अजून महत्त्वाचा आहे एवढं तर त्यातून कळतं. तुमच्या जवळच्या शहरातला पोटाचा डॉक्टर रोज स्कोपी करत असेल, दुर्बीण पार टोकापर्यंत नेत असेल आणि बाहेर येताना घाई करत नसेल, निदान सहा मिनिटं तरी नुसतं बघत बघत यायचं असतं, तर फक्त एआयसाठी पुण्याला जायची मला गरज वाटत नाही. जायचंच असेल तर मोठा पॉलिप निघाला तेव्हा जा, ते काम सगळीकडे होत नाही. त्यापेक्षा भावाला म्हणावं दुर्बीण धुतात कशी ते विचार. प्रत्येक पेशंटनंतर आतल्या बारीक नळीत ब्रश घालून साफ करायचं, मग मशिनमध्ये जंतुनाशकात, मग वाळवून टांगायची. आमच्या रूममध्ये घाई झाली की पहिला डोळा यावरच ठेवावा लागायचा.

सापडलं तर ऑपरेशन का, असं तू विचारलं नाहीस पण घरात कोणीतरी विचारणारच. बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात, आणि खरा बदल इथे झालाय. अल्सर असेल तर लगेच तुकडा घेऊन पिवळ्या जेलमध्ये टाकतात, हेलिकोबॅक्टर जंतू असेल तर रंग गुलाबी होतो, मग दोन आठवडे अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करायच्या गोळ्या. मात्र अण्णा आधीच ॲसिडिटीची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, त्याने ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. शीर उघडी दिसली तर बारीक क्लिप मारतात. मोठ्या वयात आतड्यात रक्तवाहिन्यांचे लाल जाळे तयार होतात, तेही झिरपतात, ते आरगॉन वायूच्या ठिणगीने जाळून टाकतात, कापाकापी नाही. दुर्बिणीवर एक बटण असतं, दाबलं की पांढऱ्या उजेडाऐवजी फक्त निळा-हिरवा उजेड पडतो आणि रक्तवाहिन्यांची नक्षी तपकिरी उठून दिसते, त्यावरून पॉलिप साधा आहे की बिघडत चाललाय याचा बराच अंदाज येतो. आतड्याचं अस्तर नॉर्मल दिसलं तरी लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घ्यायला सांगा, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजार डोळ्यांना दिसेलच असं नाही आणि लोह न शोषलं जाण्याचं ते एक कारण आहे. शेतात अनवाणी जाणाऱ्यांच्या लहान आतड्यात कधी कधी हुकवर्म लटकलेले दिसतात, तेव्हा तर स्क्रीन बघून नातेवाईक किंचाळायचे आणि उपाय काय तर अल्बेंडाझोलची गोळी.

पॉलिपचं म्हणशील तर पोट न उघडता वायरचा फास टाकून तो काढायचं काम १९६९ मध्ये न्यूयॉर्कला हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी सुरू केलं. आता छोटा पॉलिप करंट न देताच फासाने कापतात, त्याने नंतरचा रक्तस्राव कमी होतो. मोठा, चपटा असेल तर खाली सलाइन टोचून त्याला उचलतात आणि मग काढतात, आणि जपान्यांनी तर अस्तराच्या खालून बारीक चाकूने सोलत सोलत अख्खा एका तुकड्यात काढायची पद्धत बसवलीय. त्याच हाताच्या कौशल्यातून पुढे योकोहामाच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये अन्ननलिकेच्या भिंतीत बोगदा करून आखडलेला स्नायू आतूनच कापला, घास छातीत अडकतो, रात्री झोपेत अन्न वर येतं अशा पेशंटसाठी, आणि बाहेरून एकही टाका नाही. आपल्याकडेही हे होतं, हैदराबादच्या डॉ. नागेश्वर रेड्डींना २०२५ मध्ये पद्मविभूषण मिळालं ते याच क्षेत्रातल्या कामासाठी. अण्णांना यातलं काही लागेल असं नाही, मी आपली बोलत सुटले. पण आतड्यातली पॉलिपची गाठ बिघडून कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात, आणि त्या मधल्या काळात ती फासाने निघून जाऊ शकते, हे अण्णांना सांगितलंस तर उपयोग होईल.

आता तुझं काम, आणि हे नीट वाच कारण दुर्बीण फसते ती बहुतेक इथेच.

लोहाच्या गोळ्या खालच्या तपासणीच्या साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून बंद करायच्या. त्याने शौचाला काळं चिकट होतं आणि आतड्याला असं चिकटून बसतं की पाण्याने धुतलं तरी जात नाही. (या गोळ्यांनी शौचाला काळपट होणं नॉर्मल आहे, पण डांबरासारखं चकचकीत, घाण वासाचं झालं आणि चक्कर आली तर तारखेची वाट न बघता कॅज्युअल्टी.) रक्त पातळ करायची गोळी मात्र तुमच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही, स्टेंट आहे. नुसता तुकडा घ्यायला ती सहसा थांबवावी लागत नाही. ॲस्पिरिन तर बहुतेक चालूच ठेवतात, क्लोपिडोग्रेल असेल आणि मोठा पॉलिप काढायचं ठरलं असेल तर पाच ते सात दिवस आधी थांबवतात, पण ते हार्टवाल्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. शुगरच्या गोळ्यांचं पाकीट दाखव, नावात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर त्या साधारण तीन दिवस आधी बंद करतात, सेमाग्लुटाइड घेत असतील तर तेही सांग कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं आणि भुलेत अन्न वर यायची भीती असते. उपाशी राहायचं म्हणून सकाळची पहिली अपॉइंटमेंट माग, शुगरवाल्यांना देतात.

खाण्याचं. दोन दिवस आधीपासून पालेभाजी, डाळिंब, पेरू, काकडी, टोमॅटोच्या बिया, तीळ, शेंगदाण्याचा कूट, ज्वारी-बाजरीची भाकरी बंद. भाकरी बंद म्हटल्यावर अण्णा चिडतील, चिडू दे. पांढरा भात, मुगाचं पातळ वरण, ताक, इडली, उकडलेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त पातळ आणि आरपार दिसेल असं, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, पेजेवरचं पाणी. कोकम सरबत नको, बीट नको, कलिंगडाचा रस नको, आत लाल दिसलं की रक्त आहे की सरबत हे कळत नाही. शुगर खाली जातेय असं वाटलं, घाम, थरथर, तर साखरपाणी द्यायचं, तपासणी रद्द होते का याचा विचार करत बसायचं नाही, आणि ग्लुकोमीटर जवळ ठेवायचा.

पेगलेकसारखं जे पावडरीचं औषध असतं ते दोन लिटर पाण्यात करतात, आणि इथे लोक एक चूक करतात, सगळं संध्याकाळीच पिऊन मोकळे होतात म्हणजे रात्री झोप मिळेल. रात्रभरात लहान आतड्यातून परत पिवळा चिकट थर उजव्या बाजूच्या आतड्यात उतरतो आणि नेमकी तिथलीच गाठ हिमोग्लोबिन गुपचूप खाते. म्हणून अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी, म्हणजे पहाटे तीनला उठावं लागलं तरी उठायचं, अण्णांनी नोकरीत पहाटेच्या गाड्या काढल्यात त्यांना काय त्याचं. फ्रिजमध्ये गार करून दिलं, स्ट्रॉने प्यायलं, मध्ये लिंबाची फोड चोखली की जातं. शेवटी शौचाला लघवीसारखं पिवळसर स्वच्छ पाणी व्हायला पाहिजे, गढूळ असेल तर फोन करून सांग, लपवून टेबलावर जाऊ नका. शेवटचे दोन तास पाणीही बंद.

पैशाचं थोडक्यात. नुसती तपासणी म्हणून ॲडमिट केलं तर मेडिक्लेमवाले क्लेम नाकारतात असा अनुभव आहे, पॉलिप काढला की तो उपचार धरला जाऊ शकतो, त्यामुळे आधी टीपीएला, म्हणजे विमा कंपनीचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीला, विचार. फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारायचं, दलालाला नाही. सरकारी आणि महापालिकेच्या मेडिकल कॉलेजांत, पुण्याला ससूनमध्ये, मुंबईला केईएम, सायन, नायरला, खर्च फारच कमी येतो, फक्त तारखेला थांबावं लागतं. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास असताना महिनोन् महिने थांबू नका, कागद दाखवून लवकरची तारीख मागा, देतात.

त्या दिवशी अण्णांनी टू-व्हीलरलाही हात लावायचा नाही, पूर्ण शुद्धीत आलोय असं ते दहादा सांगतील. घरी आल्यावर गॅस, थोडी कळ ठीक आहे, पण पोट दगडासारखं कडक, ताप, उलट्या, रक्त असं काहीही झालं तर लगेच परत न्या. पॉलिप काढला असेल तर पुढचे दोन आठवडे लांबचा प्रवास ठरवू नका.

आणि रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी बघ. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार सुरुवातीच्या टोकापर्यंत, गेली असं लिहिलंय का आणि तिथला फोटो लावलाय का. सफाईचा बोस्टन स्कोअर किती, तो नऊपैकी असतो, आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी तीन मार्क, एकूण सहा आणि प्रत्येक भागाला निदान दोन असतील तर तपासणी धरायला हरकत नाही, त्याखाली असेल तर "सगळं नॉर्मल" या शब्दांवर घरी जाऊ नको, परत कधी करायची ते विचार. आणि तुकडे घेतले असतील तर बायोप्सीचा कागद वेगळा येतो, आठवडाभराने, तो आणायला लोक सर्रास विसरतात. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, आणि लोहाची गोळी कुठल्या दिवसापासून परत चालू करायची तेही डिस्चार्जच्या कागदावर लिहून घे.